इंद्रलोकातला टीआरपी

शुभदाताई खानोलकरांकडे प्रत्येक मालिकेबद्दल एक मत तयार असायचं, आणि ते ऐकून घेणारं घरात एकही माणूस नव्हतं. त्यांचं दुखणं म्हणाल तर एवढंच. बाकी गुडघे ठीक होते, साखर हद्दीत होती आणि भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधला फ्लॅट चांगला हवेशीर होता.

गिरगावातून इथे येऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं फोर्टातल्या एका विमा कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. म्हणजे एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जुळवून द्यायची आणि आपण गप्प बसायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, चला, आता आपली पाळी. त्या टीव्हीसमोर बसल्या आणि बोलायला लागल्या. पण शेजारी बसले होते पंढरीनाथराव. या गृहस्थांनी लग्नात नाव घेतलं होतं, त्यानंतर सलग दोन वाक्यं बोलल्याची कुठे नोंद नाही.

"अहो, 'दोन सुना, तीन तऱ्हा'मधला सासरा कोमात गेला तेव्हा त्याला मिशा होत्या. शुद्धीवर आला तर मिशा गायब! कोमातल्या माणसाची कोणी केली हो हजामत?"

"हं."

"आणि 'नांदते मी कोणासाठी'मध्ये दीड दिवसाचा गणपती अडीच महिने बसलाय. विसर्जनाला काढला की कोणीतरी जिन्यावरून पडतंच."

"हं."

"ह्यांच्याकडचे चहाचे कप बघा. सगळे रिकामे. भरलेला कप माणूस असा झुलवत आणतो का?"

"हं. चहा टाकतेस?"

मुलगा पराग मालाडला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो ऐकायचा नाही तो नाहीच, वर विचारायचा, "एवढं वाईट आहे तर बघतेस कशाला, आई?" यावर शुभदाताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "वाईट आहे म्हणून बघायचं नाही? मग तुझे दहावीपर्यंतचे निकाल मी कसे बघितले रे?"

मात्र एका मालिकेबद्दल त्या हळव्या होत्या. 'ओंजळभर सासर', संध्याकाळी साडेसहा. त्यात माई इनामदार नावाची सासू होती. माई उगाच ओरडायची नाही, नथ घालून झोपायची नाही, कोणाच्या दुधात काही कालवायची नाही. ती एकदा बोलायला लागली की तीन मुलगे, तीन सुना आणि घरचा नोकर हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. शुभदाताईंना तेवढंच हवं होतं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं म्हणून त्या पदराने डोळे टिपायच्या.

खरं सांगायचं तर गेले सहा महिने मालिका घसरली होती. माईची जुळी बहीण आली तिथपासूनच. पण आपलं माणूस आजारी पडलं म्हणून कोणी त्याला टाकतं का?

अशात एका रविवारी परागने टीव्हीच्या मागे एक पांढरी डबी बसवली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, प्लगमध्ये खुपसलेली, मधोमध लुकलुकणारा लाल दिवा.

"हे काय रे?"

"काही नाही. ह्याला हात लावू नकोस. चोवीस तास चालू राहिलं पाहिजे. आणि बिल्डिंगमध्ये कोणाला सांगू नकोस, कळलं? एका शब्दानेही नाही."

एवढं बोलून पराग आंघोळीला गेला आणि शुभदाताई होत्या तिथेच सोफ्यावर बसल्या. टीव्हीजवळ डबी. बंद करायची नाही. कोणाला सांगायचं नाही. रविवारच्या पुरवण्या त्या काही रद्दीसाठी घेत नव्हत्या. कोणती मालिका किती लोक बघतात हे मोजणारं यंत्र मोजक्याच घरांत बसवतात आणि त्या घरांनी ते गुपित ठेवायचं असतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. एकेका यंत्रामागे हजारो घरं धरतात, हेही वाचलेलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? टीआरपीची डबी त्यांच्या घरात आली होती. ज्या घरात त्यांच्या मताला 'हं'पेक्षा जास्त भाव नव्हता, तिथून आता त्यांचं मत थेट वरपर्यंत जाणार होतं!

त्यांनी उठून पदर नीट केला. डबीला दिसत नसणार, हे त्यांना कळत होतं. पण बेअदबी नको.

आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं की 'ओंजळभर सासर' बंद करून त्या वेळेला पाककृतींची स्पर्धा आणायचं चाललंय. माई जाणार? आणि तिच्या जागी कोण, तर पनीरला बेसन लावून त्याला फ्यूजन म्हणणारी ती पोरं? मुळीच नाही. माईला वाचवायचं आता एका बाईच्या हातात होतं आणि ती बाई इंद्रलोकमध्ये, चौथ्या मजल्यावर राहत होती.

त्या दिवसापासून खानोलकरांच्या घरात आणीबाणी लागली. साडेसहाला टीव्ही लागायचा आणि जाहिरातींतसुद्धा शुभदाताई उठायच्या नाहीत, कारण कोण जाणे, डबीला माणूस उठलेलं कळत असेल. त्याच वाहिनीवर सकाळी नऊला आणि दुपारी दोनला पुनःप्रक्षेपण असायचं, तेही व्हायचं. भाजी टीव्हीसमोर निवडली जायची. भारत-ऑस्ट्रेलियाचा सामना ऐन रंगात असताना पंढरीनाथरावांच्या हातातून रिमोट काढून घेतला गेला. ते एक अक्षर न बोलता तळमजल्यावर सावंतांकडे सामना बघायला गेले. सांगितलं असतं तर बिचाऱ्यांनी समजून घेतलं असतं. पण गुपित म्हणजे गुपित.

गुपित चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी शुभदाताईंनी ते फक्त पिंकीबेनना सांगितलं. पिंकीबेन शेजारच्या, स्वभावाने मोकळ्या, आणि आमच्या इंद्रलोकमध्ये एखादी गोष्ट सगळ्या विंगला सांगायची असेल तर नोटीस बोर्डापेक्षा पिंकीबेन बऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डबाभर थेपले घेऊन दारात उभ्या.

"शुभदाबेन, मारो एक काम करोगे? मेरा वो नागलोकवाला सिरियल है ना, रात को आठ बजे, उसका टीआरपी बहोत गिर गया है. थोडा चला दो ना अपने मशीन पे. बस, आधा घंटा."

"पिंकीबेन, वो नागीण मंगलसूत्र पहन के सरपटती है. साप के गले में मंगलसूत्र टिकेगा क्या? निकल जाएगा ना!"

"अरे, मैंने तो कभी सोचाच नहीं," पिंकीबेन म्हणाल्या आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या. "और क्या गलत है उसमें? बोलो ना."

और क्या गलत है! शुभदाताईंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी पाऊण तास सांगितलं. पिंकीबेननी ऐकलं, मध्येमध्ये "सही बात" म्हटलं, आणि तरीही नागीण अर्धा तास लावायची कबुली घेऊनच उठल्या.

मग रीघ लागली. सावंत आले, त्यांना ओरडाआरडा करणारं एक बातम्यांचं चॅनल पाडायचं होतं. "लावूच नका ते, ताई. आपोआप मरेल." दुसऱ्या मजल्यावरची स्वप्नाली गाण्याच्या स्पर्धेतल्या एका मुलासाठी शब्द टाकून गेली. नारळ आले, चकल्या आल्या. येणारा प्रत्येक जण आधी नम्रपणे विचारायचा, "ताई, तुमचं मत काय?" आणि शुभदाताई सांगायच्या. त्यांचा आवाज खणखणीत झाला, चाल बदलली. जिन्यात भेटलेल्या माणसाला त्या नुसत्या भुवईने कळवायच्या की तुमचा अर्ज विचाराधीन आहे. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण शोभत होता, हेही कबूल करायला हवं.

फक्त साडेसहा ते सात कोणाच्या बापाला मिळायचे नाहीत. तेव्हा दार उघडं, हॉलमध्ये सतरंजी आणि सगळ्यांनी मिळून 'ओंजळभर सासर' बघायचं. माणसं जितकी जास्त तितकं डबीला बरं, असा शुभदाताईंचा हिशेब.

विरोधी पक्ष आला तो शुक्रवारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन.

गर्ट्रूड उत्तनजवळच्या चौक गावची. आठवड्यातून दोनदा इंद्रलोकला यायची. पिंकीबेनच्या दारावरून ती आवाज न करता जायची, खानोलकरांच्या दारात मात्र पाटी आपटायची. त्या दिवशी तिने पाटी ठेवली ती अगदी हळू, आणि हात जोडले.

"बाय, तुझे घरान ती टीआरपीची मशीन हाय म्हनतात. खरा हाय ना? मग माझा एक काम कर. ती इनामदारांची सिरियल बंद कर."

शुभदाताईंनी पाटीतून उचललेली सुरमई हातातच राहिली. "बंद? गर्ट्रूड, अगं ती माझी सगळ्यात आवडती!"

"तुझी आवडती, आन् अंगन माझा हाय!"

मग सगळं बाहेर आलं. इनामदारांचा म्हणून जो कौलारू बंगला रोज दिसायचा, तो गर्ट्रूडचा होता. ऑगस्टीनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तो शूटिंगला भाड्याने देताना 'मालिका संपेपर्यंत' असं लिहिलेल्या कागदावर सही केली होती. त्याला वाटलं सहा महिने. दोन वर्षं झाली होती.

"आमच्या दारान तुळस उभी केलीय, फळीची. खरी पन न्हाय. मी आमच्याच घरान मागच्या दारानी जाते. इनामदारांचा म्हातारा मेला तवा सगली रडत व्हती, आन् ऑगस्टीन आतून शिंकला. त्यावरून त्यान्ला केवढा बोलले! शिंकायचा पन न्हाय मानसानी?" गर्ट्रूडने पाटीवरचं फडकं झटकलं. "आन् बोंबील सुकवायचा न्हाय म्हनतात. इनामदारांच्या अंगनान बोंबील कसा, विचारतात. मी बोलले, इनामदार गेलं खड्ड्यान. पन आयकतो कोन? तुझी ती माई, बाय, दुपारची माझ्या चुलीपाशी बसून माझं बोंबील खाते आन् संध्याकाळी त्याच अंगनान तुळशीला पानी घालते."

गर्ट्रूडचं खरं होतं, हे शुभदाताईंना कळत होतं. स्वतःच्या घरात स्वतःचं कोणी ऐकत नाही म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण माई! त्यांनी मान हलवली. "नाही गं जमणार. माईला मी नाही मारू शकत."

"मग तवर तुना सुरमय न्हाय," गर्ट्रूड म्हणाली. "पापलेट न्हाय, कोलंबी न्हाय. मांदेली पन न्हाय." हातातली सुरमई काढून घेऊन ती पाटीसकट जिना उतरली.

आतून पंढरीनाथराव बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टीव्हीबद्दल मत दिलं. "बंद करून टाक," ते म्हणाले. "माई काय, आज आहे उद्या नाही. सुरमई महत्त्वाची."

शुभदाताई बधल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी मालिका बघताना त्यांचं लक्ष माईच्या तोंडाकडे नव्हतं. तुळशीच्या मागे कुठे बोंबील दिसतो का, ते त्या शोधत होत्या.

सोमवारी परागला ऑफिसातून लवकर सोडलं. साडेसहाला तो घरात शिरला तर हॉलमध्ये एकोणीस माणसं मांडी घालून बसलेली. टीव्हीमागची डबी पुढे सगळ्यांना दिसेल अशी एक्स्टेन्शन बोर्डावर आणून ठेवलेली. तिला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं आणि पुढे एक चकली ठेवली होती.

"आई, हे काय चाललंय?"

"शू! टीआरपी चाललाय."

परागने डबीकडे बघितलं, चकलीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि भीती यांची मारामारी झाली आणि हसू जिंकलं. "आई, ते उंदरांचं मशीन आहे!"

"कसलं?"

"उंदीर पळवायचं. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज काढतं ते. टीव्हीची वायर कुरतडली होती त्यांनी. तुला सांगितलं असतं तर तू विरारला मावशीकडे जाऊन राहिली असतीस. गेल्या वेळी नुसती पाल निघाली तर पंधरा दिवस गेली होतीस!"

टीव्हीवर माईची जुळी बहीण खदाखदा हसली. हॉलमध्ये मात्र कोणी हसलं नाही. सगळ्यात आधी सावंत उठले. "म्हणजे," ते म्हणाले, "आमच्याकडे उंदीर येतात ते तुमच्याकडून!" मग एकेक जण उठला. स्वप्नालीने नारळ परत नेला नाही, पण त्याच्याकडे बघितलं जरूर. पिंकीबेन जाताना म्हणाल्या, "कोई बात नहीं, शुभदाबेन," आणि थेपल्यांचा रिकामा डबा मागून घेतला. दहा मिनिटांत घरात तीन माणसं, एक चकली आणि लुकलुकणारा लाल दिवा उरला.

शुभदाताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. उंदरांची भीती होती, पण रडू त्याचं नव्हतं. फजितीचंही नव्हतं. तीन आठवडे माणसं त्यांच्या दारात येऊन 'तुमचं मत काय' म्हणून विचारत होती आणि आता परत कोणी विचारणार नव्हतं, याचं ते रडू होतं. पराग दारात येऊन "सॉरी आई" म्हणाला. पंढरीनाथरावांनी स्वतः चहा टाकला, त्यात साखर घालायची राहिली. शुभदाताईंनी तोही तसाच पिऊन टाकला.

दोनच दिवसांनी वाहिनीने जाहीर केलं की 'ओंजळभर सासर' प्रेक्षकांचा निरोप घेणार. आणि शुक्रवारी दारात पाटी आपटली, जिन्यातले दिवे हलले असतील अशी.

"केलंस ना बाय! मना म्हायती व्हता तू करशील!" गर्ट्रूडने एक अख्खी सुरमई शुभदाताईंच्या हातात कोंबली. "न्हाय म्हनालीस पन केलंस!"

"अगं, मी काही नाही केलं. ती डबी टीआरपीची नव्हतीच. उंदरांची होती."

"आता लाजतेस कशाला? उंदरांची म्हने!" गर्ट्रूड काही ऐकायला तयार नव्हती. "उद्या शेवटची शूटिंग हाय. तू यायचा. मी जेवान करते."

जावं की नाही यावर शुभदाताईंनी रात्रभर विचार केला असं त्या सांगतात. प्रत्यक्षात सकाळी साडेनऊला त्या ठेवणीतली साडी नेसून उत्तनच्या बसमध्ये बसल्या होत्या.

चौकला गर्ट्रूडचं अंगण माणसांनी आणि वायरींनी भरलं होतं. इनामदारांचा थोरला मुलगा लुंगीवर वडापाव खात होता. प्लायवूडची तुळस भिंतीला तिरकी टेकवली होती. माई खरोखरच चुलीपाशी होती, नऊवारीत, हाताला बोंबलाचा मसाला. एका उलट्या क्रेटवर चष्मा लावलेली एक मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन डोकं धरून बसली होती. ही क्षितिजा, मालिकेची लेखिका. दुपारी तीनला शेवटचा प्रसंग चित्रित करायचा होता आणि तो अजून लिहून झाला नव्हता.

गर्ट्रूडने शुभदाताईंना दंडाला धरून मधोमध नेलं. "आयका सगली! हीच ती टीआरपीवाली बाय. हिनंच तुमची सिरियल बंद केली!"

थोरल्या मुलाने वडापाव खाली ठेवला. क्षितिजाचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्याकडे... बॉक्स आहे?"

हो म्हणायला काय जात होतं? एका शब्दात सगळं परत मिळालं असतं, रुबाब, भुवई, सगळं. शुभदाताईंनी सगळ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "नाही हो. माझ्याकडे फक्त उंदीर आहेत. मी साधी बघणारी. पहिल्या भागापासून बघते, एकही चुकवला नाही."

"एकही?" क्षितिजाने चष्मा काढला. तिच्या आवाजात आता भीती नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. "सहाशे भाग? बॉक्सवाल्यांचे आकडे येतात आम्हाला दर आठवड्याला. आकडा खाली गेला एवढं कळतं, का गेला ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल? आमचं कुठे चुकलं?"

ज्या मालिकेवर जीव लावला तिच्याच घरात येऊन तिची उणीदुणी काढायची? गोड बोलून सुटता आलं असतं. पण विचारलं होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मनापासून विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नसतं.

"जुळी बहीण," त्या म्हणाल्या. "तिथे गेलं सगळं. माईला जुळी बहीण असती तर पहिल्या चारशे भागांत एकदा तरी तिचा फोन नसता आला? दिवाळीला? आणि मधली सून. ती घर सोडून गेली ती बरोबर गेली होती, तुम्ही तिला माफी मागायला परत का आणलीत? माझी तर तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडाली. आणि माईच्या तोंडी हल्ली सुविचार घालता तुम्ही. माई सुविचार बोलत नाही. माई आधी ऐकते, मग बोलते."

"मी हेच सांगत होते!" चुलीपाशी बसलेली माई ओरडली आणि बोंबील तसाच टाकून स्टूल घेऊन आली. मधली सून आली. कॅमेरावाले आले. ऑगस्टीन आतून येऊन दाराला टेकला आणि मोकळेपणाने शिंकला. क्षितिजा भराभर टाइप करत होती. मध्येच थांबून ती जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली, "काकू, हे तुम्ही आधी का नाही कळवलंत?"

"विचारलंत कुठे, बाई?"

तेवढ्यात दिग्दर्शक व्हॅनमधून उतरला. दोन वाजून गेले होते, तीनचा प्रसंग तोंडावर आला होता आणि लोक गोल करून बसलेले बघून त्याचं डोकं फिरलं. त्याने टाळ्या वाजवल्या. "काय चाललंय? चला, पोझिशन! सायलेन्स! एकदम सायलेन्स!"

शुभदाताईंनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."

दिग्दर्शकाने तोंड उघडलं. माईने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने ते मिटलं. मग एक क्रेट उलटा करून तोही ऐकायला बसला.